डिकीतली खडखड आणि तिचा बंदोबस्त

चौकातल्या सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या मोटारीत काहीतरी वाजते आहे, हे तिच्या काचा बंद असतानाही कळते. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चाल उमगत नाही. ऐकू येतो तो एक खोल ठोका आणि त्या ठोक्याच्या शेपटीला बांधल्यासारखी पत्र्याची खडखड. ठोका मालकाने हौसेने विकत घेतलेला असतो. खडखड मात्र त्याच्याबरोबर फुकट आलेली असते आणि ती घालवण्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. डिकीत सबवूफर बसवून घेतल्यानंतर काही दिवसांतच ग्राहक दुकानात परत येतो, तो बहुधा हीच तक्रार घेऊन. आणि त्याला सांगितला जाणारा उपायही बहुधा एकच असतो. संपूर्ण डिकीला डॅम्पिंग शीट लावून घ्या, म्हणजे मोटार कशी ‘ठोस’ वाटेल!

या उपायात तथ्य आहे. परंतु खडखडीचे कारण न शोधता तो केला, तर हजारो रुपयांचे शीट लागूनही खडखड जागच्या जागी राहते, कारण ती येत असते चार बोटे रुंदीच्या नंबर प्लेटच्या मागून. म्हणून शीट, फोम आणि टेप यांच्याकडे वळण्यापूर्वी डिकीमध्ये नेमके घडते काय, हे समजून घेतलेले बरे. त्यात अवघड असे फारसे काही नाही.

सबवूफरचे काम साधारणपणे २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातले, म्हणजे अतिशय खालचे स्वर वाजवण्याचे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून अधिक भरते. आपली मोटार चार मीटरांची. एवढी मोठी लाट तिच्यात मावतच नाही. त्यामुळे घराच्या दिवाणखान्यात ध्वनी जसा लाटांनी पसरतो, तसा तो मोटारीत या खालच्या पट्ट्यात पसरत नाही. सबवूफरचा पडदा पुढे आला की साऱ्या मोटारीतील हवेचा दाब एकदम वाढतो आणि मागे गेला की एकदम घटतो. सायकलच्या पंपाचा दट्ट्या सेकंदाला चाळीस वेळा आतबाहेर करावा, तसा हा प्रकार असतो. बंद मोटारीत थोडक्या शक्तीतही दणदणीत ‘बास’ मिळतो, तो याच कारणाने. आणि मोटारीचा प्रत्येक सैल भाग थरथरू लागतो, तोही याच कारणाने.

हा दाब किती असतो, याचा एक ढोबळ हिशेब करून पाहू. बारा इंची सबवूफरच्या पडद्याचे उपयुक्त क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर असते. तो पडदा एक सेंटिमीटर पुढे सरकला, तर जवळजवळ अर्धा लिटर हवा ढकलली जाते. हॅचबॅक मोटारीत डिकी आणि बसायची जागा मिळून एकच पोकळी असते. ती ३,००० लिटरची धरली आणि हवेची गळती सोडून दिली, तर दाबातील चढउतार सुमारे २३ पास्कल येतो. एक चौरस मीटर पत्र्यावर तो सव्वादोन किलोंहून थोडे अधिक वजन ठेवल्यासारखा पडतो. हे वजन पत्र्यावर नुसते ठेवलेले नसते, तर ते सेकंदाला चाळीस वेळा ठेवले आणि उलट दिशेने ओढले जात असते.

सेडान मोटारीची गोष्ट याहून बिकट आहे. तिची डिकी ही मागील सीटच्या पाठीमागची स्वतंत्र खोली असते आणि तिचे आकारमान बहुधा ४०० ते ५०० लिटर. तोच अर्धा लिटर हवेचा धक्का ४५० लिटरच्या पूर्ण बंद खोलीत दिला, तर दाबाचा चढउतार दीडशे पास्कलच्या घरात जातो. म्हणजे चौरस मीटरला पंधरा किलोंइतका! प्रत्यक्षात डिकी एवढी हवाबंद नसते, म्हणून आकडा बराच कमी येतो. पण ‘हाच बॉक्स मित्राच्या हॅचबॅकमध्ये छान वाजतो आणि माझ्या सेडानमध्ये नुसती डिकीच वाजते’ या तक्रारीचे उत्तर या हिशेबात आहे. पुढे बसलेल्याला बास कमी वाटतो, म्हणून तो आवाज वाढवतो. वाढवलेला आवाज डिकीच्या झाकणावर आदळतो.

यावरचा पहिला उपाय कोणत्याही शीटपेक्षा स्वस्त आहे. डिकीतील दाबाला आत, बसायच्या जागेकडे, वाट करून द्यावी. काही सेडान मोटारींत मागील सीटच्या मधल्या हातटेकूच्या पाठीमागे छोटे दार असते, काहींत मागील पाठ दुमडता येते, तर काहींत मागच्या काचेखालच्या फळीत स्पीकरसाठी छिद्रे दिलेली असतात. बॉक्सचे तोंड या वाटेकडे करून, शक्य असल्यास वाटेच्या कडेला फोमची चौकट बसवून बॉक्स तिला भिडवला, तर बास थेट आत येतो आणि डिकीतला दाब उतरतो. आत तेवढाच आवाज मिळवण्यासाठी ॲम्प्लिफायरला कमी कष्ट पडतात. दिशा बदलून पाहण्याचा हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे, तो करून पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या हाती पैसे देऊ नयेत.

आता खडखडीकडे. दाबाने पत्रा हलतो, हे झाले. परंतु हलणे म्हणजे खडखडणे नव्हे. खडखडीला दोन वस्तू लागतात आणि त्यांच्यामध्ये केसभर फट लागते. पत्र्यावर एखादी वस्तू नुसती टेकलेली आहे, समजा स्टेपनीवरची फळी. पत्रा वरखाली हलू लागला की त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाहून अधिक होताच फळी पत्र्याची साथ सोडते, क्षणभर अधांतरी राहते आणि परत आपटते. ४० हर्ट्झला हे घडण्यासाठी पत्रा मध्यापासून किती हलावा लागतो? केवळ ०.१५ मिलिमीटर, वहीच्या दोन कागदांच्या जाडीपेक्षाही कमी. ८० हर्ट्झला तर ०.०४ मिलिमीटर पुरतो. डोळ्याला न दिसणारे हे हलणे कानाला मात्र सेकंदाला चाळीस-ऐंशी टाळ्यांसारखे ऐकू येते. आवाज ठरावीक पातळीपर्यंत शांत असतो आणि एक खूण ओलांडली की एकाएकी खडखड सुरू होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. फळीने पत्र्याची साथ सोडण्याची ती सीमा असते.

तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावताना कारागीर जे साधतो, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासत राहिली की तिच्यातून वरचे असंख्य सूर झळाळून उठतात. मिरजेच्या कारागिरांनी त्या घासण्याची पिढ्यान् पिढ्या साधना केली. डिकीत ते कोणी न मागता होते आणि म्हणून ते कर्कश वाटते.

कर्कश वाटण्याला कानाची रचनाही कारण आहे. माणसाचा कान सर्व स्वरांना सारखा संवेदनशील नाही. अमेरिकेत हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांपासून हे मोजमापाने ठाऊक आहे. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यावा यासाठी त्याची पातळी ५० डेसिबलच्या आसपास असावी लागते, तर ३,००० हर्ट्झच्या परिसरातला स्वर शून्य डेसिबललाही ऐकू येतो. सबवूफरचा ठोका पहिल्या प्रकारातला आणि पत्र्याची खडखड दुसऱ्या प्रकारातली. ॲम्प्लिफायरची शेकडो वॉट शक्ती खर्चून निर्माण केलेल्या ठोक्याला शक्तीच्या एका क्षुल्लक अंशावर चालणारी नंबर प्लेट सहज मात देते. त्यातही गंमत अशी, की ही नंबर प्लेट बाहेर असल्यामुळे आत बसलेल्या मालकाला ती ऐकूच येत नाही. ऐकतात ते सोसायटीतले शेजारी.

चोर शोधण्याची रीत

खडखडीचा उगम कानाने शोधणे फसवे असते. पत्र्याच्या पोकळीत आवाज फिरतो आणि उजवीकडचा डावीकडे वाटतो. त्यासाठी चाचणीचे शुद्ध स्वर वापरावेत. मोबाईलवर असे स्वर काढणारी साधी ॲप्स विनामूल्य मिळतात. २५ हर्ट्झपासून सुरुवात करून स्वर हळूहळू १०० हर्ट्झपर्यंत चढवत न्यावा. एका माणसाने आत बसून स्वर बदलावा, दुसऱ्याने बाहेर उभे राहून तळहाताने एकेक भाग दाबून पाहावा. ज्या भागावर हात ठेवताच खडखड थांबते, तो चोर. प्रत्येक भागाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते आणि बाहेरचा स्वर तिच्याशी जुळला की अनुनादाने तो भाग सर्वाधिक हलतो. त्यामुळे ३८ हर्ट्झला नंबर प्लेट, ५२ ला झाकणावरची प्लास्टिकची पट्टी, ६५ ला मागील फळी, अशी एक यादीच तयार होते. ती कागदावर लिहून ठेवावी. काम झाल्यावर त्याच स्वरांवर पुन्हा तपासता येते.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. गाणे आणि शुद्ध स्वर यांत फरक असतो. गाण्यात ठोक्यांच्या मध्ये उसंत असते, शुद्ध स्वर अखंड चालतो आणि सबवूफरची कॉइल तापत जाते. म्हणून आवाज नेहमी ऐकतो तेवढाच ठेवावा आणि एका स्वरावर काही सेकंदांपलीकडे रेंगाळू नये. दुसरे असे, की इंजिन बंद ठेवून तासभर प्रयोग केले तर बॅटरी उतरते, म्हणून इंजिन चालू ठेवले जाते. ते बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये कदापि करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रयोगापूर्वी डिकी पूर्ण रिकामी करावी, हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते. जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, पाण्याची बाटली, मागच्या सहलीतली चटई आणि स्टेपनीच्या खोबणीत पडलेले एखादे नाणे, यांच्यापायी शीट लावण्यापर्यंत पोहोचलेली माणसे असतात. (स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, हे सांगितल्यावर नवल वाटते. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली होती.) स्टेपनी मधल्या बोल्टने घट्ट आवळलेली आहे ना, हे पाहावे आणि जॅक कापडात गुंडाळून त्याच्या जागेत दाबून बसवावा.

त्यानंतर नंबर प्लेट. देशात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी, म्हणजेच एचएसआरपी, बंधनकारक झाली. ॲल्युमिनियमचा हा पातळ पत्रा एकदाच वापरता येणाऱ्या कुलुपासारख्या रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेट काढला की तुटतो, तो काढून पुन्हा लावण्याच्या फंदात पडू नये. पट्टीच्या चारही कोपऱ्यांमागे आणि दोन रिव्हेटच्या मधोमध बंद पेशींच्या फोमचे छोटे तुकडे सरकवावेत. चिकटणाऱ्या बाजूचा कागद काढून, फोम चिमट्याने आत घालून, पट्टी मागे दाबली की काम झाले. पट्टी फोमवर किंचित ताणलेली राहिली पाहिजे. नुसता स्पर्श पुरत नाही. पट्टीभोवती प्लास्टिकची चौकट असेल तर चौकट व झाकण यांच्यामध्येही तेच करावे. हा सगळा उपाय फोमच्या एका छोट्या गुंडाळीत होतो, आणि बाहेरून येणाऱ्या खडखडीचा मोठा हिस्सा तेवढ्यानेच जातो.

झाकणाची पकड हा पुढचा विषय. डिकीचे झाकण कुलपाच्या कडीत आणि रबर बीडिंगवर टेकलेले असते. बीडिंग जुने होऊन बसले की झाकण कडीत खेळू लागते. ते ओळखण्यासाठी कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर त्या जागी बीडिंगची पकड नाही. बहुतेक मोटारींच्या झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराची बोंडे असतात. अनेकदा ती आट्यांची असतात, अर्धा फेरा बाहेर फिरवली की झाकण ताणून बसते. कडी खाली सरकवूनही ताण वाढवता येतो, पण ते काम मेस्त्रीकडून करून घ्यावे. फार ताण दिला तर झाकण आपटल्याशिवाय लागत नाही आणि बीडिंग लवकर मरते.

सेडानचे झाकण उचलून धरणाऱ्या पोलादी दांड्या पुष्कळांच्या लक्षातच येत नाहीत. मागील काचेखाली आडव्या गेलेल्या या दोन दांड्या एकमेकींना जिथे ओलांडतात, तिथे घासतात आणि झणझण असा धातूचा आवाज येतो. त्या जागी नमद्याची किंवा कापडी टेप गुंडाळावी. वायरिंगच्या जुड्यांनाही हीच टेप. साध्या प्लास्टिकच्या इलेक्ट्रिकल टेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात वितळून चिकट लगदा होतो, तिला येथे स्थान नाही. दांड्यांवर प्रचंड पीळ असतो, त्यामुळे त्या खोबणीतून सोडवण्याचा प्रयत्न मात्र घरी कोणीही करू नये.

प्लास्टिकच्या आवरणांचे क्लिप, काचेखालच्या फळीतला तिसरा ब्रेकदिवा, सीटबेल्टच्या कड्या, हॅचबॅकची काढघालीची फळी, इंधनाच्या टोपीवरचे झाकण ही उरलेली नेहमीची मंडळी. क्लिप दोन-तीनदा काढले की त्यांची पकड जाते. नवे घ्यावेत, ते महाग नसतात. जिथे प्लास्टिक पत्र्याला टेकते तिथे नमद्याची पट्टी, जिथे ते पत्र्यापासून दूर लोंबकळते तिथे फोमचा तुकडा, एवढे सूत्र पुरे.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही. मागील बंपरच्या आड, डिकीच्या दोन्ही बाजूंना, रबरी पडद्यांची छोटी जाळी असते. सबवूफरबरोबर ते पडदे फडफडतात, म्हणून उत्साही माणसे ती टेपने बंद करून टाकतात. मोटारीतील हवा बाहेर पडण्याची ती वाट आहे. ती बुजवली की दारे लावताना कानात दडा बसतो, दारे नीट लागत नाहीत आणि पावसाळ्यात काचांवर आतून धुके धरते. पडद्यांच्या कडेला पातळ नमदा लावून फडफड कमी करता येते, वाट उघडी ठेवून.

शीट : कुठे, किती आणि कशाचे

एवढे सारे करूनही झाकणाचा किंवा बाजूचा पत्रा स्वतःच घुमत असेल, तर मग डॅम्पिंग शीटची पाळी येते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. ‘ठण्ण’ असा रेंगाळणारा नाद आला तर तो पत्रा मोकळा आहे. ‘धप्’ असा मेलेला आवाज आला तर तेथे शीटची गरज नाही.

शीट म्हणजे ध्वनी अडवणारी भिंत, असा एक समज आहे. त्याचे खरे काम निराळे, ते म्हणजे अवमंदन. पत्रा वाकतो तेव्हा त्याला चिकटलेला ब्यूटाइल रबराचा थर ताणला-दाबला जातो आणि कंपनाची ऊर्जा त्या रबरात उष्णता होऊन विरते. जर्मनीत हेर्मान ओबेर्स्ट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी पत्र्यावरील अशा थरांचा पद्धतशीर अभ्यास केला. रबराच्या वर ॲल्युमिनियमसारखा ताठ पातळ थर बसवला, तर मधल्या रबराला कातरीसारखा ताण बसून परिणाम कित्येक पटींनी वाढतो, याचे गणित अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी १९५९ मध्ये मांडले. आज बाजारात मिळणाऱ्या चंदेरी पाठीच्या शीटमागचा विचार तोच आहे. ती चांदी शोभेची नसते, म्हणून सुरकुत्या पडलेली, हाताने कशीबशी चिकटवलेली शीट अर्धे काम करते. रोलरने जोर देऊन तिच्यातील हवेचा शेवटचा बुडबुडा काढला पाहिजे.

अवमंदनाविना नुसते वजन वाढवणे उलटही पडू शकते. वस्तूचे वस्तुमान वाढले की तिची नैसर्गिक वारंवारता उतरते. तबल्याच्या मध्यावर दिलेली शाई चामड्याच्या कंपनांना कशी शिस्त लावते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. शाईच्या वजनाने तबल्याचे सूर जागेवर येतात. डिकीच्या झाकणावर वजन चढवले तर ८५ हर्ट्झला घुमणारा पत्रा ६० हर्ट्झला घुमू लागतो, म्हणजे सबवूफरच्या नेमका तावडीत सापडतो. असे होऊ नये म्हणून वजनाइतकाच भर रबराच्या गुणवत्तेवर द्यायचा.

स्वस्त शीटमध्ये ब्यूटाइलऐवजी डांबर असते. डांबर मुळात वाईट नाही, कारखान्यातही मोटारीच्या तळाला डांबरी थर बसवलेले असतात. परंतु ते रंगाच्या भट्टीत तापवून पत्र्यावर कायमचे बसवलेले असतात. हाताने चिकटवलेली डांबरी शीट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभ्या मोटारीत सुटते, झाकणाच्या आतून लोंबते आणि वास सोडते. विकत घेण्यापूर्वी तुकडा नाकाशी धरावा. डांबराचा वास लपत नाही.

संपूर्ण पत्रा मढवण्याचीही आवश्यकता नसते. अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून दाखवून दिले होते की पत्रा सगळीकडे सारखा हलत नाही. काही रेषांवर तो स्थिर असतो आणि त्यांच्या मधल्या भागात जोराने हलतो. डिकीच्या झाकणाचा पत्राही कडांना आणि आतल्या पन्हाळ्यांना धरलेला असतो, हलतो तो दोन आधारांच्या मधला सपाट भाग. तेवढ्या भागाच्या मध्यावर, क्षेत्रफळाच्या सुमारे एक चतुर्थांश एवढी शीट लावून आधी टकटक करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते. त्याहून अधिक लावण्याने फायदा वाढतो, पण खर्चाच्या प्रमाणात नाही. दोन मिलिमीटरची ब्यूटाइल शीट चौरस मीटरला तीन किलोंच्या आसपास भरते. हॅचबॅकच्या मागील दारावर पाच-सहा किलो चढले तर ते उचलून धरणारे गॅसचे दांडे थकतात आणि सामान काढताना दार डोक्यावर येते.

शीट लावण्याआधी पत्रा स्पिरिटने स्वच्छ पुसून कोरडा करावा. झाकणाच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात, त्यांच्यावर शीट जाऊ देऊ नये. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने तर हे विशेष पाहावे. झाकणात पाणी साचले की गंज आतून येतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. याच कारणासाठी, फवारल्यावर फुगणारा पीयू फोम झाकणाच्या पोकळीत भरण्याची जी चाल आहे, ती या लेखकाला मुळीच पसंत नाही. तो फोम छिद्रे बुजवतो, कुलपाच्या तारा व वायरिंग गिळतो, फुगताना पातळ पत्र्याला बाहेरून उंचवटे आणतो, आणि एकदा वाळला की कुलूप दुरुस्त करायलाही झाकण कापावे लागते.

उरते ते ध्वनियंत्रणेचे बटण. ॲम्प्लिफायरवरचा ‘गेन’ म्हणजे आवाजाचे बटण समजून तो टोकाला फिरवलेला असतो. त्याने स्वराची टोके छाटली जातात आणि त्या छाटलेल्या स्वरातून वरचे कर्कश सूर निपजतात, जे खडखडीसारखेच ऐकू येतात. गेन खाली आणून, ‘बास बूस्ट’ शून्यावर ठेवून पुन्हा ऐकावे. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला तर वरचा अनावश्यक भाग पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. नळी असलेल्या बॉक्सला सबसॉनिक फिल्टर हवाच, कारण नळीच्या वारंवारतेखाली पडदा मोकाट सुटतो. आणि आपल्या यादीत एखादाच स्वर बंड करीत असेल, समजा ४७ हर्ट्झ, तर इक्वलायझरने त्या अरुंद पट्ट्यात तीन ते सहा डेसिबल काढून टाकावेत. तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. मोटारीची पोकळी नेमका तोच स्वर फुगवून सांगत असेल तर, तेवढी छाटणी केल्यावर बास कमी झालेला न वाटता उलट नेमका झालेला वाटतो.

बॉक्स पट्ट्यांनी किंवा कंसांनी डिकीच्या तळाला बांधलेला असावा. मोकळा बॉक्स सरकतो, पत्र्यावर आपटतो आणि खडखडीत भर घालतो. परंतु मुख्य भय ते नव्हे. वीस-पंचवीस किलोंचा बॉक्स अपघाताच्या धक्क्यात आपल्या वजनाच्या अनेक पटींनी मागील सीटच्या पाठीवर येऊन आदळतो आणि त्या सीटवर बहुधा मुले बसलेली असतात. हॅचबॅकमध्ये तर मध्ये फक्त सीटची पाठच असते. दुकानदार घाईत हे काम टाळतो; ते त्याच्याकडून उभे राहून करून घ्यावे. बॉक्सखाली रबराची चादर घातली तर तिचा उपयोग सरकू नये एवढ्यापुरता. तिने खडखड जाईल ही अपेक्षा ठेवू नये, कारण पत्र्याला हलवणारा मुख्य जोर हवेतून येतो, तळातून फारसा येत नाही.

शेजाऱ्यांचा मुद्दा वर आलाच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. खडखड पूर्ण घालवली तरी ४० हर्ट्झचा ठोका भिंतींतून आरपार जातोच, त्याला फोमचा अडसर नाही. सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना हात आवाजाच्या बटणाकडे गेलेला बरा.

पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सारी तपासणी पुन्हा करावी. नंबर प्लेटमागचे फोमचे तुकडे चिखलपाण्याने सुटलेले असतात, झाकणाची रबरी बोंडे फिरून सैल झालेली असतात आणि स्टेपनीच्या खोबणीत पाणी साचले असेल तर ते बहुधा मागील दिव्याच्या किंवा बीडिंगच्या फटीतून आलेले असते. जपून ठेवलेली वारंवारतांची यादी हाताशी असली, तर या फेरतपासणीला पंधरा मिनिटे पुरतात.